आकस्मिक रचनाबदल क्षेत्र

राजधानीहून पत्र आलं तेव्हा नदी अजून गोठलेलीच होती.
गावाला नवं नाव मिळालं होतं:
आकस्मिक रचनाबदल क्षेत्र.
जन्मल्यापासून मी त्याला नुसतं कोस्किला म्हणत आले.

मंत्री आले, दोन तास थांबले,
कागद गिरणीच्या कॅन्टीनमध्ये माशाचं सूप प्यायले,
म्हणाले, कुणालाही वाऱ्यावर सोडणार नाही.
वारा त्या दिवशी उणे एकोणीस होता.
जाताना निधी ठेवून गेले, फॉर्म ठेवून गेले,
आणि मला:
रोजगार मार्गदर्शक, मुदत अठरा महिने,
बसायला हजेरीची जुनी खोली,
जिथल्या भिंतीवर वडिलांच्या कार्डाचा खण
अजून रिकामा आहे.

पाचशे बारा माणसं. फॉर्मवर रकाना: कौशल्ये.
एकानं लिहिलं, कागद.
एकीनं लिहिलं, रात्रपाळी.
वेइयो कल्लुंकीनं पेन खाली ठेवलं.
"मी ऐकतो," म्हणाला.
काय ऐकतोस?
"तीन नंबरचं मशीन.
बेअरिंग जायच्या दोन दिवस आधी त्याचा सूर उतरतो.
इंजिनियर मीटर लावायचे, मग माझ्याकडे बघायचे."
संगणकाच्या यादीत ऐकणं नव्हतं.
मी शोधत खाली खाली गेले,
तळाशी होतं "इतर". त्यावर खूण केली.

मग कोर्स. वेल्डिंग, कॉल सेंटर, पर्यटन, वृद्धसेवा.
वीस-वीस वर्षं क्रेनवर बसलेले बाप्ये
स्लेजला कुत्री जुंपायला शिकले,
जपानीतून एक वाक्य घोकत राहिले:
आकाशातला हिरवा उजेड आज दिसेलच असं नाही.
दर गुरुवारी मी राजधानीला आकडा पाठवायचे.
आकडा खादाड असतो,
बुधवारी रात्रीच ओरडायला लागतो.

जूनमध्ये तीन नंबरचं मशीन विकलं गेलं.
नटानटाला चिठ्ठी बांधून
त्र्याण्णव कंटेनरांतून ते दक्षिणेकडे गेलं,
जिथे निलगिरी सात वर्षांत तोडायला येते.
आमचा पाइन सत्तर घेतो.
वेइयो फाटकाशी उभा होता.
कुठला देश, त्यानं विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी येऊन वृद्धसेवेला नाव दिलं.
मी त्याच्या हातांकडे बघितलं. फावडी.
चेष्टा करतोयस?
"खुर्ची मोडकी आहे तुझी," म्हणाला, "करकरते. डावा पाय."

ऑक्टोबर. खोली क्रमांक चार.
आनिक्की रुओत्सालाइनेन, वय एक्याण्णव.
ताप नाही, खोकला नाही.
रात्री दीडला दारावरून जाताना वेइयो थबकला.
नर्सला म्हणाला, हिचा सूर उतरलाय.
नर्सनं तपासलं. काही नाही.
तो खुर्ची ओढून बसला पहाटेपर्यंत,
पहाटे भांडून डॉक्टरला बोलावलं.
संध्याकाळी फणफणली म्हातारी,
पण औषध तोवर पोटात गेलेलं.
आता ती त्याला रोज शिव्या देते, कॉफी पातळ करतो म्हणून.

हे मी सांगते तेव्हा लोक सुस्कारा सोडतात,
चला, कुणाचं तरी भलं झालं.
तर तेही सांगते:
नोकरी अर्धवेळ, पगार गिरणीच्या तिसऱ्या हिश्शाचा,
बायको बहिणीकडे ओउलूला गेली ती परतली नाही,
आणि सुट्टीच्या रात्री त्याला झोप लागत नाही.
गावात आता एवढं शांत असतं
की कान कशावर टेकवावा कळत नाही.

शेवटच्या अहवालात तो एक आहे.
"नियुक्त" या रकान्यातला दोनशे तीनपैकी एक.
खाली "सूचना" म्हणून जागा होती, दोन ओळींची.
मी लिहिलं: कौशल्यांच्या यादीत ऐकणे हा शब्द घालावा.
उत्तर तीन दिवसांत आलं, एवढं लवकर कधीच येत नाही:
सूचना नोंदवली आहे.

माझी मुदत संपली तो गुरुवार होता.
पाठवायला आकडा नव्हता.
सवयीनं पाचपर्यंत बसून राहिले.
खुर्चीचा डावा पाय करकरत होता,
दुरुस्त करायचा राहूनच गेला.